पट्टा पाहण्याचा कार्यक्रम

आप्पांनी पट्ट्याचा वास घेतला, दोन्ही हातांनी तो ताणून पाहिला, डोळ्यांजवळ नेऊन त्याचे धागे तपासले आणि मग दुकानदाराला विचारलं, “हा किती दिवसांचा?”

“किती दिवसांचा म्हणजे?” रतनशेठ म्हणाले.

“गोडाऊनला किती दिवस पडून हाय?”

“मागच्या महिन्यात आलाय, अण्णा. अगदी कोवळा आहे.”

“वास येतोय.”

“रबर आहे. त्याला रबराचा वास येणार. अत्तराचा कुठून आणू?”

मी दुकानातल्या बाकावर बसून हे ऐकत होते. तोवर मला तीन स्थळं बघून गेली होती. त्या तिन्ही मंडळींनी मिळून मला जेवढे प्रश्न विचारले नसतील, तेवढे आप्पांनी इचलकरंजीच्या त्या दुकानात एका रबरी पट्ट्याबद्दल विचारले. जन्म कुठला, आधी कुठे काम केलंय का, पावसाळ्यात फुगतो का, उन्हात चिरतो का. स्वयंपाक येतो का एवढंच राहिलं होतं.

शेवटी त्यांनी खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला प्लायवूडचा तुकडा काढला. तो घरून आणला होता. पट्टा उतरता धरून त्यावर त्यांनी तुकडा ठेवला. तुकडा घसरला.

“बघा,” आप्पा म्हणाले.

“थांबा हो, धूळ असेल.” रतनशेठनी खांद्यावरच्या टॉवेलने तुकडा पुसला, पट्टा पुसला आणि पुन्हा ठेवला. आता पट्टा जवळजवळ उभा केला तरी तुकडा हलेना.

“घ्या आप्पा, हाच घ्या,” मी म्हणाले. मला घाई होती. खंडेनवमीला अकरा दिवस राहिले होते.

ही एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जयसिंगपुरात सातव्या गल्लीत आमचं घर आणि घरामागे पत्र्याचा कारखाना. आम्ही कॅरम बोर्ड बनवतो. तेव्हा कारखान्यात माणसं दोनच. एक आप्पा, म्हणजे माझे वडील भूपाल मगदूम, आणि दुसरे दस्तगीरचाचा, जे माझ्या जन्माच्या आधीपासून तिथे फळ्या घासत होते. बी.कॉम. होऊन मी तिसरी घुसले. दस्तगीरचाचांचा खांदा घासून घासून कामातून गेला होता, म्हणून मी आप्पांच्या मागे लागून फळ्या घासण्याचं एक जुनं मशीन घ्यायला लावलं.

मशीन साधं होतं. वर पॉलिश पेपर गुंडाळलेलं एक जाडजूड लोखंडी लाटणं गरगर फिरतं. खाली तीस इंच रुंदीचा रबरी पट्टा हळूहळू पुढे सरकतो. पट्ट्यावर फळी ठेवायची. पट्टा तिला लाटण्याखालून नेतो आणि पलीकडे ती एकसारखी गुळगुळीत होऊन बाहेर पडते. सगळी मदार त्या पट्ट्यावर. त्याची पकड सुटली की फळी जागच्या जागी उभी राहते आणि लाटणं तिथेच चरत बसतं. प्लायवूडचा वरचा पापुद्रा उडून खालचा तांबडा थर दिसायला लागतो. तशा फळीचा कॅरम होत नाही, फार तर कोंबड्यांच्या खुराड्याचं दार होतं.

मशीन आलं तेव्हा चार दिवस बरं चाललं. मग पट्टा घसरायला लागला. आठवडाभरात पाच फळ्यांची खुराडी झाली आणि आप्पांनी निकाल दिला.

“खंडेनवमीला चालत्या हत्याराची पूजा होते,” ते म्हणाले. “बंद पडलेल्याची न्हाई. तोवर ह्याचा पट्टा बदलून हे नीट चाललं तर चाललं. न्हाई चाललं तर दसऱ्याला टेम्पो बोलवायचा. मशीन जाणार जिथनं आलं तिथं, आणि तू जाणार पतसंस्थेत.”

पतसंस्थेतली नोकरी बाबूकाकांनी माझ्यासाठी बोलून ठेवली होती. जाळीच्या मागे बसायचं आणि पासबुकांवर शिक्के मारायचे. दसऱ्याच्या मुहूर्तावर हजर व्हायचं होतं. मी ती जाळी बघून आले होते. तिच्यामागे ज्या बाई बसायच्या, त्यांच्या तोंडाकडे बघून मला रडू आलं होतं. मला लाकडाचा वास आवडायचा, आणि आप्पांनंतर बोर्डाच्या पाठीवर ‘मगदूम’ असा शिक्का मारायचाच असेल तर तो मीच मारायचा, असं मी मनात पक्कं केलं होतं. आप्पांना मात्र वाटायचं, की पोरीचं हे खूळ आहे, मशीनबरोबर जाईल.

शिवाय दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सांगलीच्या स्पर्धेची माणसं सोळा बोर्ड न्यायला येणार होती.

रतनशेठचा पट्टा आणून बसवायला दुपार गेली. जुना पट्टा काढून मी दाराबाहेर टाकला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

“हा टाकून देणार हाय काय?”

“मग काय पूजेला ठेवू?”

“मला दे. मोरीत टाकते.”

आमच्या मोरीला शहाबादी फरशी होती आणि तिच्यावर आप्पा रोज घसरायचे. ते आंघोळीला गेले, की आई बाहेरून न चुकता “सावकाश” म्हणायची आणि आतून न चुकता काहीतरी आपटल्याचा आवाज यायचा. आईने तो पट्टा दोन्ही हातांनी उचलला आणि गेली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मशीनचं बटण दाबायचं होतं.

पहिली फळी सुंदर गेली. दस्तगीरचाचांनी पलीकडून ती झेलली आणि हात फिरवून म्हणाले, “गालावानी झाली बघ, बेटा.”

आता आप्पांची पाळी. आप्पा तरुणपणी कॅरमचे पट्टीचे खेळाडू होते आणि कुठल्याही फळीवर त्यांचा विश्वास डोळ्यांनी बसत नसे, बोटांनीच बसे. कोपऱ्यात त्यांचं टेबल होतं. टेबलावर एक सुटी चौकट, पावडरीचा पत्र्याचा डबा आणि हस्तिदंती रंगाचा एक स्ट्रायकर. फळी चौकटीत बसवायची, चिमूटभर पावडर भुरभुरायची आणि कान टवकारून टिचकी मारायची. स्ट्रायकर समोर जाऊन आपटून परत येतो, पुन्हा जातो. तीन फेऱ्या पुऱ्या करून चौथीत अर्ध्यावर थांबला, की आप्पा “साडेतीन” म्हणत. त्याच्या खाली जे काही असेल त्याला ते फक्त “हं” म्हणत. तीस वर्षांत त्या टेबलावर इतकी पावडर सांडली होती, की मूळ लाकूड कसलं आहे हे दस्तगीरचाचांनाही आठवत नव्हतं. आप्पांचे हात पांढरे, तळवे पांढरे, विजारीचे खिसे पांढरे.

हाताने घासायच्या दिवसांत ही टिचकी काम संपल्यावर एकदाच व्हायची. मशीनवर मात्र आप्पांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे फळी एकदा आतून आली की टिचकी, दुसऱ्यांदा आली की टिचकी. एका फळीला पाच फेऱ्या लागायच्या, म्हणजे पाच वेळा टेबलावर आणि पाच वेळा परत पट्ट्यावर.

“हं,” आप्पा म्हणाले. “तीन आणि जरासं. घाल परत.”

परत घातली. दुसरी घातली. दोन्ही नीट गेल्या. मी आप्पांकडे अशा तोऱ्यात बघितलं, की आत्ता आठवलं तरी लाज वाटते. तिसरी फळी अर्ध्यात गेली आणि उभी राहिली. खाली पट्टा सरकतोय, वर लाटणं गरगरतंय आणि मध्ये फळी तटस्थ. दस्तगीरचाचांनी झेप घेऊन लाल बटण दाबलं. सहावं खुराडं.

त्या दिवशी जेवताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आम्ही जैन; आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवतात, त्यामुळे भांडणंही उजेडात होतात.

“रतनशेठनं फसवलं,” आप्पा म्हणाले.

“पट्टा नवा आहे आप्पा. ताण कमी पडत असेल.”

“ताण मी स्वतः दिलाय.”

“मग रबरच चालत नसेल. पुण्याला खरखरीत पट्टे मिळतात, पॉलिश पेपरसारखे. तो घसरूच शकत नाही.”

“मी म्हणते,” आई म्हणाली, “ती पावडर—”

“आई, आमटी वाढ ना,” मी म्हणाले. “आम्ही मशीनचं बोलतोय.”

आईने आमटी वाढली. आप्पा म्हणाले, मीठ कमी आहे. आईने मीठ दिलं.

पुण्याचा पट्टा चौथ्या दिवशी एसटीच्या पार्सलने आला. आप्पा त्याला बघायला स्टँडवर आले नाहीत. ‘आपल्यात न शोभणारं स्थळ’ असा त्यांचा चेहरा झाला होता. पट्टा खरोखरच राकट होता, त्यावरून हात फिरवला तर साल निघेल असा. बसवला आणि चालू केला. एक फळी, दोन फळ्या, तीन, चार. मी दस्तगीरचाचांना म्हणाले, “पेढे आणा.” ते चप्पल घालत होते, तेवढ्यात आप्पांनी पाचवी फळी टेबलावर टिचकी मारून परत दिली, मी ती पट्ट्यावर ठेवली आणि ती लाटण्याखाली जाऊन उभी राहिली.

चाचांनी चप्पल काढून ठेवली.

आप्पांनी फळी उलटी करून दाखवली. पाठीवर ओरखडेच ओरखडे. “मांजरानं धरल्यावानी केलंय. घसरतोय तर घसरतोय, वर बोचकारतोय.”

“चार तरी नीट गेल्या.”

“रतनशेठच्या दोन गेल्या. म्हणजे पुण्याचा दोन फळ्यांनी हुशार.”

मी खाली बसून भुसा गोळा करायला लागले. बोलले असते तर रडले असते. आप्पांना माझं रडू दिसलं, तर ते लगेच मऊ व्हायचे आणि मऊ होऊन मला पतसंस्थेत पाठवायचे, हे मला ठाऊक होतं.

मग दस्तगीरचाचांना युक्ती सुचली. सहाव्या गल्लीतल्या चौगुले डॉक्टरांनी घरात चालायचं मशीन आणलं होतं. उभ्या जागी चालायचं, खाली पट्टा सरकतो. “माणूस पळतोय तरी घसरत न्हाई,” चाचा म्हणाले. “मग फळीची काय टाप?”

मी गेले. डॉक्टर दवाखान्यात होते. मशीन हॉलमध्ये होतं आणि त्याच्या दोन्ही दांड्यांवर नातवाची दुपटी वाळत होती.

“पट्टा?” काकू म्हणाल्या. “पट्टा काढला तर दांड्या राहतील का?”

“राहतील की काकू.”

“आणि हे विचारतील, चालू कशावर?”

“डॉक्टर चालतात?”

काकूंनी जरा विचार केला. “नाही चालत. पण पट्टा नसला तर चालायची आठवण होईल.” चहा पिऊन मी परत आले.

सप्तमीला आप्पांनी टेम्पोवाल्याला निरोप दिला. बाबूकाका येऊन मला सांगून गेले, की पहिल्या दिवशी साडी नेसून ये, तिथे पद्धत आहे. सोळापैकी सहा फळ्या धड होत्या आणि उरलेल्या दहा दस्तगीरचाचा दुखऱ्या खांद्याने हातावर घासायला बसले होते. त्यांच्या हाताचा तो खसखस आवाज ऐकवत नव्हता. मीही दुसरा पॉलिश पेपर घेऊन शेजारी बसले. पोरीने हौस केली आणि त्या हौसेचं ओझं म्हाताऱ्याच्या खांद्यावर आलं, असं मला वाटत होतं.

अष्टमीच्या सकाळी आप्पा आंघोळीला गेले. आई बाहेरून “सावकाश” म्हणाली नाही. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी पाटावर बसून चहा पीत होते आणि आपटल्याच्या आवाजाची वाट बघत होते. तो आलाच नाही. थोड्या वेळाने वेगळाच आवाज यायला लागला, धप धप, कुणी जागच्या जागी नाचावं तसा.

“त्रिशला,” आतून हाक आली. “इकडं ये. थांब, येऊ नको. मी येतो.”

आप्पा बाहेर आले ते टॉवेल गुंडाळून, एका कानाला साबणाचा फेस आणि बगलेत तो जुना काळा पट्टा, पाणी गळत असलेला.

“ह्याच्यावर मी साबण सांडला,” ते म्हणाले. “पाय घासून बघितलं. उडी मारून बघितली. पाय हलत न्हाई.”

“आप्पा, तो जुना पट्टा आहे. घसरत होता म्हणून काढलाय.”

“मला सांगतीस? मी काढलाय. हात लावून बघ.”

मी हात लावला. आठ-नऊ दिवस आई रोज सकाळी मोरी धुताना तो साबण-सोड्याने ब्रश मारून धूत होती. रबर काळंभोर झालं होतं आणि तळहाताला जळवेसारखं चिकटत होतं. मी आप्पांकडे बघितलं आणि आप्पांनी माझ्याकडे. मग ते तसेच टॉवेलवर कारखान्याकडे निघाले. आईने मागून हाक मारून त्यांना शर्ट-विजार दिली, एवढीच त्या दिवशी सातव्या गल्लीची अब्रू राहिली.

पट्टा उन्हात वाळवला आणि दुपारी बसवला. पुण्याचा आणि इचलकरंजीचा, दोन्ही भिंतीला टेकवून ठेवले होते. दस्तगीरचाचांनी मशीन चालू केलं. पहिली फळी गेली. दुसरी गेली. चाचा मोठ्याने मोजत होते. आप्पा पहिली फळी घेऊन टेबलाकडे गेले.

पुढची फळी आणायला मी भिंतीपाशी वळले आणि तोल सावरायला रतनशेठच्या पट्ट्यावर हात टेकला. हात सर्रकन खाली गेला. मी बोट वर करून बघितलं. ते पांढरं झालं होतं. काळा पट्टा म्हणून जो आणला होता, तो राखाडी झाला होता. पुण्याच्या पट्ट्यावर बोट ओढलं. त्याच्या प्रत्येक खळग्यात पांढरी पावडर ठासून भरलेली होती. चौकटीत बसवायची तेव्हा फळीची पाठ त्या टेबलावर घासत होती आणि तीच पाठ मी परत पट्ट्यावर ठेवत होते. एका फळीला पाच वेळा. आप्पांना मशीनचा जितका संशय, तितकी टिचकी, आणि जितकी टिचकी, तितकी पावडर.

मी वर बघितलं. आप्पा टेबलापाशी उभे होते, चौकटीत फळी आणि चिमटीत पावडर. ते माझ्या पांढऱ्या बोटाकडे बघत होते.

दस्तगीरचाचा एकदम खिडकीबाहेर बघायला लागले, जणू तिथे हत्ती आला होता. ज्या माणसाने तीस वर्षं त्या पावडरीवर जीव लावला, त्याला ‘तुमच्या पावडरीने घात केला’ असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? माझं मशीन वाचत होतं आणि तरीही मी ते बोट पाठीमागे लपवलं.

आप्पांना ती चिमूट कुठे ठेवावी कळत नव्हतं. तीर्थप्रसाद धरावा तसे ते ती धरून उभे होते. मग त्यांनी ती परत डब्यात सोडली. डब्यातून निघालेली पावडर पुन्हा डब्यात गेलेली मी आयुष्यात तेवढी एकदाच पाहिली.

“दस्तगीर,” आप्पा म्हणाले, “हे टेबल बाहेर घ्या. अंगणात.”

“का हो, अण्णा?”

“हितं उजेड कमी पडतोय.”

त्या टेबलाच्या बरोबर वर ट्यूबलाइट होती. दस्तगीरचाचांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “कमीच पडतोय. मी कवापास्नं म्हणणार होतो.” दोघांनी टेबल उचललं. दारात आई उभी होती. तिच्या हातात सोड्याच्या पाण्याची बादली आणि ब्रश होता. “फरशी पुसायला लागंल,” असं म्हणून तिने ती आत ठेवली आणि गेली. त्याच पाण्याने मी उरलेले दोन्ही पट्टे धुतले, आणि मशीनखालची फरशीही.

नवमीच्या सकाळपर्यंत दहाच्या दहा फळ्या झाल्या. पूजेला करवती, रंधे, पटाशा मांडल्या. मशीनला झेंडूची माळ घातली. ते चालू होतं, लाटणं फिरत होतं. आप्पांनी कुंकवाची वाटी माझ्या हातात दिली.

“तू लाव. मशीन तुझं हाय.”

मग मात्र मी रडले. आप्पा मऊ झाले, पण पतसंस्थेचं नाव त्यांनी काढलं नाही. दसऱ्याला बाबूकाका पत्र घेऊन आले, तेव्हा आप्पांनी त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, पोट भरेपर्यंत श्रीखंड घातलं आणि परत पाठवलं. टेम्पोवालाही आला होता. त्यालाही श्रीखंड मिळालं.

त्यानंतर आप्पांनी ही गोष्ट शंभर जणांना सांगितली असेल. त्यांच्या गोष्टीत पावडर नाही. त्यांच्या गोष्टीत एक माणूस मोरीत पाय ठेवतो आणि त्याला पट्ट्याची जात कळते. माझ्या गोष्टीत एक मुलगी पट्ट्यावरून बोट फिरवते आणि तिला सगळं उमगतं. शोध कुणाचा, यावर आम्ही बापलेक वीस वर्षं भांडलो. पाहुण्यांसमोर भांडलो, माझ्या लग्नात भांडलो, माझ्या मुलाच्या बारशाला भांडलो. आई दर वेळी कुणाला तरी काहीतरी वाढत असायची.

आता कारखान्यात आठ माणसं आहेत. बोर्डांच्या पाठीवर शिक्का मी मारते. आप्पा ऐंशीचे झाले, कानाने जरा कमी ऐकतात, आणि अंगणातल्या त्या टेबलापाशी बसून टिचक्या मारतात. पावडरीचा डबा दाराबाहेर खिळ्याला सुतळीने टांगलेला आहे. तो उंबऱ्याच्या आत येत नाही.

गेल्या वर्षी मोठं मशीन घ्यायचं ठरलं. त्याच्या पट्ट्यांचे पाच-सहा नमुने घेऊन मी दुपारी जेवायला घरी आले. ताटाशेजारी ते मांडून मी एकेक वाकवून बघत होते. आप्पांना अंगणातल्या टेबलापाशीच ताट दिलं होतं. आई पलीकडे बसली होती. तिने एक नमुना उचलला, त्यावरून अंगठा फिरवला, खाली ठेवला. दुसरा उचलला.

“हा धुवायला बरा पडंल,” ती म्हणाली.

मी हसले. “तुला काय माहीत?”

“नऊ दिवस धुतलाय की मी.”

माझा घास हातातच राहिला. इतकी वर्षं मी हे कधी नीट आठवलंच नव्हतं. जुन्या चादरीचेसुद्धा चार तुकडे करून चार ठिकाणी वापरणाऱ्या आईने तो एवढा मोठा पट्टा मोरीत कापून टाकला नव्हता. अख्खा ठेवला होता, कोपऱ्यात दुहेरी घडी घालून. रोज पालटून, दोन्ही बाजूंनी धुतला होता. आणि त्या सकाळी ती “सावकाश” म्हणाली नव्हती.

“आई, तुला माहीत होतं?”

“काय?”

“पावडरीचं.”

“तीस वर्षं तुझ्या आप्पांच्या विजारी कोण धूत होतं? घरातली फरशी कोण पुसत होतं? त्यांच्या पायाच्या पावडरीवर मी किती वेळा पडलीया, ते तुम्हाला ठाऊक तरी हाय काय?” ती शांतपणे बोलत होती. “तुम्ही दोघं इचलकरंजीला गेला, तवा मी कारखाना झाडायला गेले. पट्ट्यावर बोट ओढलं. पांढरं झालं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं की. त्याच दिवशी, जेवताना.” आईने तिसरा नमुना उचलला. “तू म्हणालीस, आमटी वाढ.”

ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती, तर बरं झालं असतं. बापाने मला मशीनपाशी उभं राहू द्यावं म्हणून मी जिवाचं रान केलं होतं, आणि त्याच आठवड्यात मी माझ्या आईला ताटापाशी गप्प केलं होतं. एका वाक्यात. मला ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं. तिला आमटीच्या मिठासकट आठवत होतं.

“म्हणजे पट्टा तूच निवडलास,” मी म्हणाले.

“मी कशाला निवडते. मी धुतला. आणि टेम्पोला निरोप गेला, तवा तुझे आप्पा जिथं हटकून पाय ठेवणार, तिथं टाकला.”

मी तिच्याजवळ सरकले, सगळे नमुने तिच्यापुढे ठेवले आणि विचारलं, “ह्यांतला कुठला, सांग.” तिने तीन बाजूला काढले. एक फार गुळगुळीत, एक बोचकारेल, एकाचा सांधा कच्चा आहे, म्हणाली. प्रत्येक वेळी कारण सांगत होती आणि मी ऐकत होते.

अंगणातून आप्पांची हाक आली, “कुणीतरी आमटी वाढा गं. ताट कवापास्नं कोरडं पडलंय.”

मी उठायला गेले. आईने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि दाराकडे तोंड करून, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “थांबा जरा. आम्ही मशीनचं बोलतोय.”